'समजले'

"चार पानं नियम. आमच्या सोसायटीत लिफ्टलापण एवढे नाहीत," दिल्लीतल्याच द्वारका भागात वाढलेला हेरंब शेजारी बसलेल्या प्रणिताच्या कानाशी पुटपुटला आणि न वाचताच सही ठोकून मोकळा झाला.

दिल्लीच्या कॉलेजातल्या इंग्रजी वाचन-लेखनाचा तो पहिलाच तास. नियमही अर्थात इंग्रजीतच. परभणीहून आलेली प्रणिता मात्र पेन्सिल घेऊन एकेक ओळ वाचत होती. 'जो शब्द अडेल त्याखाली रेघ मारा,' असा पहिलाच नियम होता. चौथ्या पानाशी येईतो पेन्सिल बोथट झाली. तिथे सहीच्या जागेवर छापलं होतं, 'वाचले, समजले, मान्य आहे.'

"सही कर ना यार. नाहीतर मॅडम हजेरीत नाव घेणार नाहीत."

"तुला समजलं सगळं?"

हेरंब बालवाडीपासून इंग्रजी शाळेतला. "बिल्कुल नाही. पण असं सांगायचं नसतं."

मॅडम कागद गोळा करत आल्या. प्रणिताने सही केली होती, पण 'समजले' खोडून.

"सिर्फ तुम्हें समझ नहीं आया?"

पन्नास माना बाकांत शिरल्या. हेरंबला एकाएकी बुटाची नाडी बांधायची आठवण झाली.

प्रणिता उभी राहिली. हॉस्टेलात तिच्या ज्या हिंदीला सगळ्या जणी हसायच्या, त्याच हिंदीत म्हणाली, "मॅडम, किसी को ही समझा नहीं. समझता, तो इस क्लास में कायको आते?"