नेमाचा चहा

तपासणीहून आल्यावर सून रोजच्यासारखी पलंगावर आडवी झाली आणि तिने कुर्ता वर सरकवला. पोटावर निळे-पिवळे डाग होते. आता नवी सुई द्यायला जागा शोधावी लागे.

बाळाचे ठोके थांबले होते. चौथ्या खेपेलाही तेच. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा पडदा हळूच स्वतःकडे वळवून घेतला, तेव्हाच तिला कळलं. सासूबाईंना आजचा दिवस तरी सांगायचं नाही, असं तिने नवऱ्याला बजावलं होतं. तो गाडी लावायच्या निमित्ताने खालीच रेंगाळला होता.

सासूबाई इंजेक्शनचा डबा घेऊन आल्या. सुनेच्या चेहऱ्याकडे त्यांनी एकदा नीट पाहिलं.

सुनेच्या शरीराची राखण करणारी शक्तीच उलटली आहे, बाळाकडे जाणाऱ्या रक्तात गुठळ्या करते, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "म्हणजे राखणदारच घरच्यांना चोर समजून बडवतोय म्हणा की." त्या दिवसापासून सुई त्यांनी स्वतःच्या हातात घेतली. पहिल्यांदा सुनेपेक्षा त्यांनाच जास्त घाम फुटला. मग त्यांनी नेम धरला: बाळाची सुई दिल्याशिवाय संध्याकाळचा चहा तोंडाला लावायचा नाही. अंगात ताप होता तेव्हाही त्यांनी तो मोडला नव्हता.

"भिंतीकडे बघ," त्या रोजचंच म्हणाल्या. "तू बघायला लागलीस की माझा हात लटपटतो."

सुनेने मान वळवली. गार बोळा पोटावर फिरला. कातडीची चिमूट धरली गेली. देवाचं नाव पुटपुटणं आज जरा लांबलं.

"झालं हं."

"आज कळलंसुद्धा नाही, आई."

"बसला असेल हात. इतके दिवस तुला टोचतेय."

डब्याचं झाकण लागलं.

सून उठली, तोंडावर पाणी मारून स्वयंपाकघरात गेली. चहा नेहमी तीच करायची. साखर कमी, आलं जास्त, सासूबाईंना लागतो तसा. तिने कप त्यांच्यासमोर ठेवला आणि समोरच्या खुर्चीवर बसली.

सासूबाईंनी कपाच्या कानाला बोट लावलं. मग हात परत मांडीवर घेतला.

"घ्या ना. निवतोय."

त्या कपाकडे बघत राहिल्या. जिन्यात त्यांच्या मुलाची पावलं वाजली, दाराशी येऊन थांबली. बेल वाजली नाही.

सुनेचा हात पोटाकडे गेला. ती चाचपत राहिली. आज कुठेच चुणचुणत नव्हतं.

चहावर साय धरली होती. सासूबाईंनी ती चमच्याने हलकेच बाजूला केली आणि कप सुनेपुढे सरकवला.

"तू पी," त्या म्हणाल्या.