सगळे सुखरूप

"मूठ सोड गं बाई, बांगडी फुटंल," कचरू कासार म्हणाला. झुंबर कुठली सोडतेय!

तिचं मनगट सासूनं, सगुणाबाईनं, घट्ट धरलं होतं. "सरकारी पुस्तकात छापून आलंय. लढाईवर गेलेले निजामाचे समदे शिपाई परत आले. शाळंतली पोरं रोज घोकून राह्यलेत. मंग माझा भुजंगच मेला कसा?"

"लढाईत कडूबा भावजी संगं होते," झुंबर म्हणाली. "त्यायनी सोताच्या हातानं वाळूत पुरलं त्यायला."

"कडूबा दारू पिऊन बरळतो. पुस्तक पितं का दारू?"

कचरूनं बांगड्या मागं घेतल्या. रांडाव हातात चुडा भरल्याचं कळलं, तर त्याला पुन्हा कोण दारात उभं करणार? "मास्तरांनी शब्द द्यावा, मंग भरतो," तो म्हणाला.

बोलावणं गेल्यावर शाळेचे रामकिसन मास्तर ते पुस्तक घेऊनच आले. कडूबानं सगळी हकिगत त्यांना सांगितली होती. सांगताना ढसाढसा रडला होता बिचारा. पण तपासणीला आलेल्या साहेबांनी गेल्याच आठवड्यात बजावलं होतं, पुस्तकाबाहेर एक शब्द गेला तर नोकरी गेली म्हणून समजा.

झुंबरनं त्यांचे पायच धरले. "मास्तर, दोन वर्सं रडून रडून कसंतरी गिळलं. आता मेल्या माणसाची वाट बघायला लावू नका. तुमाला ठावं हाये. खरं सांगा."

मास्तरांच्या घरात खाणारी सात तोंडं, आणि हिंमत तर त्या माणसात मुळातच नव्हती. त्यांनी पुस्तक उघडलं आणि मान वर न करता वाचलं, "आपले सर्व जवान लढाई फत्ते करून सुखरूप घरी परतले."

"ऐकलं?" सगुणाबाई म्हणाली.

झुंबरची मूठ सुटली. कचरूनं जल्दी जल्दी दोन्ही हात हिरवे केले. झुंबर भिंतीकडं तोंड करून बसली होती.

सगुणाबाई सुनेच्या हातांकडं बघत राहिली. मग सरकत मास्तरांजवळ आली आणि पुस्तकावर बोट ठेवलं.

"समदे आले ना मास्तर? मंग माझ्या भुजंगाला कंच्या टेसनावर उतरवलं? पुढं लिव्हलं आसंल. वाचा की."

मास्तरांनी पान उलटलं. पुढचा धडा गाईचा होता.