हणमंतरावांचं मडगार्ड

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत खाजामियाँच्या गॅरेजच्या भिंतीवर सहा मडगार्डं उरली होती.

दर मृगाला गावोगावच्या मोटारसायकली औसा रोडच्या या गॅरेजात यायच्या आणि पुढचं मडगार्ड उतरवून जायच्या. काळ्या रानातला चिखल लई चिवट. मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये एकदा बसला की चाक जागचं हलत नाही, आणि मग माणसानं गाडीवर बसायचं सोडून गाडीच माणसाला ओढत न्यावी लागते. त्यापेक्षा चार महिने तोंडावर चिखल उडालेला परवडला. काढलेल्या मडगार्डाच्या आतल्या बाजूला खाजामियाँ तांबड्या रंगानं मालकाचं नाव घालायचे आणि ते खिळ्याला अडकवायचे. पाऊस सरला की नवमीच्या पूजेआधी ज्याचं त्याला बसवून द्यायचे.

यंदा नवमी आली तरी पाऊस सरला नव्हता. भूकंपाला तीन आठवडे उलटले होते. मडगार्ड न्यायला जो आला तो जिवंत, इतकी साधी गोष्ट होती, पण खाजामियाँनी ती कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. त्यांच्या बायकोच्या, रजियाच्या, ध्यानात मात्र आलं होतं. भिंतीकडं बघत बसण्यापेक्षा एस.टी.नं जाऊन विचारून तरी या, असं ती सकाळी म्हणाली होती. कामाचा ढीग पडलाय, असं सांगून त्यांनी वेळ मारून नेली. तसं ते खोटंही नव्हतं. मदतीला गेलेल्या पोरांच्या गाड्या रोज येत होत्या, कुणाच्या कार्बोरेटरमध्ये पाणी, कुणाच्या क्लचप्लेटा जळलेल्या. मियाँची कंबर मोडून आली होती आणि जेवतानाही हाताला पेट्रोलचा वास यायचा. पण खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटत होती.

तिसऱ्या खिळ्याला हणमंतरावांचं मडगार्ड होतं. बारा वर्षांचं गिऱ्हाईक. गाडी कधी वेळेवर धुतली नाही, आणि मियाँ त्यावरून बोलायला लागले की पिशवीतून रानातली वाळकं काढून पुढ्यात ठेवायचे. वाळकं खात माणूस किती रागावणार?

साडेतीनच्या सुमाराला हणमंतरावांच्या राजदूतचा आवाज आला. तिच्या सायलेन्सरला मियाँनीच ठिगळ मारलं होतं, त्यामुळं तो आवाज ते झोपेतही ओळखायचे. हातातला पाना थांबला. वळणावर गिअर उशिरा पडला तेव्हा त्यांना वाटलं, पाय दुखावला असेल, लागलंच असणार थोडंफार. ते स्टुलावर चढले, मडगार्ड उतरवलं, स्वतःच्या बाहीनं पुसलं आणि तसेच भुरभुर पावसात रस्त्यावर आले. आपण हसतोय हे त्यांचं त्यांनाच कळलं.

गाडीवर वैजनाथ होता, हणमंतरावांचा धाकटा भाऊ. लातुरात खोली करून तो बारावीच्या पोरांना केमिस्ट्री शिकवायचा. गाडीचा दिवा फुटलेला, टाकी चेपलेली. त्याला ती स्टँडवरही लावता येईना, ती मियाँनीच लावली.

"हणमंतराव?" त्यांनी विचारलं.

वैजनाथनं चष्मा काढून शर्टाला पुसला.

"दादा आत झोपला व्हता, मियाँ. गाडी तेवढी बाहेर व्हती, लिंबाखाली."

मियाँ पुढच्या चाकाशी खाली बसले. वैजनाथ उभ्याउभ्याच सांगत राहिला. भिंत गाडीवर पडली होती, काल कशीबशी बाहेर काढली. शिवकन्यावहिनी माहेरी गेली होती म्हणून वाचली. दरवर्षीसारखी गाडी पूजेला उभी राहू द्या, असा तिचाच हट्ट. आपण शिकवणी सोमवारी सुरू केली, पण हजेरी घेणं सोडून दिलंय.

मियाँनी पेचकस घेतला आणि चाक खरवडायला सुरुवात केली. काळ्या चिखलाच्या वड्या पटापट सुटल्या. त्या त्यांनी सवयीनं पायानं नालीत ढकलल्या. काळं निघालं तसं खाली, चाक धरणाऱ्या चिमट्याच्या खोबणीत, घट्ट बसलेली वेगळीच माती दिसली. ही रानातली नव्हती. ही पांढरी माती होती, भूकंपात पडलेल्या गावांतली घरं जिची असतात ती. तीत भुशाच्या काड्या होत्या. एका ढेकळाला नीळ घातलेल्या चुन्याचा पोपडा चिकटलेला होता.

मियाँचा हात आपोआप हळू झाला. शेजारी ठेवलेलं मडगार्ड त्यांनी उलटं करून मांडीवर घेतलं आणि सुटेल ती माती त्यात धरायला लागले.

वैजनाथ बघत होता. तो फार थकलेला होता.

"टाका की नालीत," तो म्हणाला.

"कसं टाकू, मास्तर?"

मियाँनी मान वर केली नाही. पेचकस चालू राहिला. मडगार्डात चिमूट चिमूट माती पडत होती आणि आतली तांबडी अक्षरं एकेक करून झाकली जात होती.

वैजनाथनं ती वाचली. मग तो ओल्या रस्त्यावर मियाँच्या समोर बसला, चाकातलं एक ढेकूळ बोटांनी सोडवलं, आणि नाव जिथं अजून दिसत होतं तिथं ठेवलं.