कीर्तीपुरतं वेगळं

काकांच्या क्लासच्या नोट्स टाइप करायला कोळीवाड्यातली कीर्ती रोज सुकापूरला यायची. वसुंधराकाकूंनी मला, म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला, तिच्यामुळेच बोलावलं.

"हिच्या घरी रोज मासळी. त्याच हाताने आमचं विंडोज उघडते, आणि माझे सगळे देव त्यात आहेत," काकू तिच्यासमोरच म्हणाल्या. "खिडकीत हिचा कप वेगळा ठेवलाय ना, तसं हिच्यापुरतं काहीतरी वेगळं टाकून दे."

खिडकीत कान तुटलेला एक कप उपडा घातला होता. कीर्ती मान वर न करता टाइप करत राहिली. मला काकूंच्या बोलण्याची शिसारी आली, पण धंदा म्हटलं की कुणाचीही पायरी चढावी लागते. त्याच कॉम्प्युटरवर मी विंडोजच्या जोडीला लिनक्स ही दुसरी सिस्टीम टाकली. मशीन चालू केलं की विचारणार, विंडोज हवं की लिनक्स. लिनक्स कीर्तीचं, विंडोज घरच्यांचं.

"पण कीबोर्ड तोच राहणार?" काकूंनी विचारलं, आणि ओलं फडकं आणून तो पुसला.

महिन्याभरात त्यांच्याच मुलाच्या, अथर्वच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस आला आणि विंडोज साफ झोपलं. मी गेलो तेव्हा काकू कीर्तीच्या लिनक्समध्ये देवांचे फोटो भरत होत्या, आणि कुठे काय दाबायचं ते कीर्ती सांगत होती.

"हेच छान चालतं रे. ते विंडोज काढूनच टाक," काकू म्हणाल्या आणि चहाला उठल्या.



"कीर्ती, तुझा कप घे गं खिडकीतला."