साठ टनांना पाठ

हमीदाआपांनी साठ टनांच्या भरलेल्या डब्याला हात लावून तो ढकलायला सुरुवात केली. रुळांवरचं घर्षण बटणानं बंद होत असल्यामुळे कारखान्यातलं डबे ओढणारं इंजिन भंगारात निघालं होतं. जो हातानं ढकलून डबा खुणेवर थांबवेल, त्याचीच नोकरी राहणार होती. आपांच्या आधी त्यांचा सहकारी कोंडिबा थेट खुणेपर्यंत ढकलत राहिला होता आणि त्याचा डबा पुढच्या वाळूच्या ढिगात घुसला होता.

अर्ध्या वाटेवर आपा झपझप डब्याच्या पुढे गेल्या आणि डब्याला पाठ लावून उलट्या रेटू लागल्या.

"आपा, दमलात का?" कोंडिबा ओरडला.

"गप रे! घर्षण गेलं, साठ टन कुठं गेलेत? जितकं ढकललं तितकंच अडवायचं. तीस वर्षं इंजिन हाकलंय मी."

डबा बरोबर खुणेवर थांबला. टाळ्या पडल्या.

आपांनी ओढणी कमरेला खोचली. "आता रिकामा आणा. तो एका बोटानं नेते."