खंडेनवमीचं गंध

जेसीबीच्या बॉनेटवर लावलेलं ओलं गंध बोट उचलेपर्यंत वाळून गेलं. केरबाआबांनी पत्र्यावर तळहात टेकवला. इंजिन तापलेलं होतं.

खंडेनवमीला अवजारांची पूजा होते, त्यांना कामाला लावत नाहीत. हे जुनं मशीन आबांनी आणि त्यांच्या धाकट्या भावानं मिळून घेतलं होतं. दुरुस्ती मात्र आबांचीच. होज फुटला, पिन झिजली, की तेच पोतं अंथरून खाली शिरत. पूजेची फुलंही दरवर्षी तेच सकाळी बाजारातून आणत.

"तुळशीराम, मशीन कुठं गेलं होतं रे?" त्यांनी ऑपरेटरला विचारलं.

"मळ्यात. तुम्हीच सांगितलंत ना?"

"मी?"

"धाकटे मालक म्हणाले, आबांनी मधला बांध सरकवायला सांगितलंय. मी म्हटलं, आज सणाला? तर म्हणाले, आबांचाच हुकूम आहे." तुळशीरामचा आवाज उतरला. "तुमच्या वावरात चार हात आत घेतला."

आबा खाली बसले. ते बाजाराला गेल्यावरच हे झालं होतं.

तेवढ्यात भाऊ नारळ घेऊन आला. "आबा, फोडा लवकर. मुहूर्त टळतोय."

आबांनी हात पुढे केला नाही.

"बांध कोरायचाच होता, तर दुसरं भाड्यानं आणायचंस," ते म्हणाले. "हे तरी सोडायचंस."