अ‍ॅडमिनबाई

फोनमधला माणूस स्वतःचं नाव सांगताना पहिल्याच अक्षरावर अडकला, पुढे सरकला, पुन्हा अडकला. थोरल्या सुनेने हातातला कप ओट्यावर ठेवला आणि रेकॉर्डिंग परत ऐकलं.

अडखळत बोलणाऱ्यांच्या त्या ऑनलाइन ग्रुपची ती अ‍ॅडमिन होती. तिथे लिहून प्रवेश मिळत नसे. अडखळणाऱ्याला सगळ्यात जड जातं ते स्वतःचं नाव. तेच आपल्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवायचं. आत मग सगळे निर्धास्त बोलत. इथलं बाहेर जाणार नाही, असा शब्द तिने प्रत्येकाला दिला होता.

हे नाव अनोळखी होतं, अडखळणं मात्र ओळखीचं. मध्येच श्वास ओढून घेणं, मग बारीकसं 'अं', मग शब्द एकदम बाहेर लोटणं. हे तर तिचंच! आणि तिची इतकी हुबेहूब नक्कल एकच माणूस करत असे: धाकटा दीर, घरच्या प्रत्येक जेवणावळीत, लोकाग्रहास्तव. जुन्या नकला शिळ्या झाल्या होत्या. गड्याला नवा माल हवा होता.

नकाराचं बटण बोटाखालीच होतं. पण आज नकार दिला, तर उद्या तो दुसऱ्या नावाने आला असता. ती हॉलमध्ये गेली. घरची सगळी मंडळी तिथेच होती. तिने रेकॉर्डिंग मोठ्याने लावलं.

"अरे, ही तर तुझी वहिनीची नक्कल!" सासरे धाकट्याला म्हणाले आणि हशा पिकला.

"पकडलंत वहिनी!" दीर हसत उठला. "गंमत हो. घ्या ना आत." चोर तो चोर, वर शिरजोर.

"भाऊजी, तुम्हाला ग्रुपमध्ये प्र... प्र..."

"प्रवेश," त्याने शब्द पुरवला. या घरात तिची वाक्यं नेहमी दुसरंच कोणीतरी पूर्ण करत असे.

"थांबा. वाक्य माझं आहे."

हसू विरलं. नवरा मदतीला तोंड उघडणार, तोच सासूबाईंनी त्याला डोळ्यांनी दटावलं आणि टीव्ही बंद केला. तिने मुळीच घाई केली नाही. अख्खा हॉल तिच्या शब्दासाठी ताटकळत होता आणि तिला ते भलतंच आवडलं.

"प्र... प्र... प्रवेश नाही," ती म्हणाली. "आणि मला अजून पुष्कळ बोलायचंय. ब... बसा."

दीर मुकाट्याने खाली बसला.